गलगंडाच्या आड दडलेला रोग

सुश्रुताच्या निदानस्थानाचा अकरावा अध्याय ग्रंथि, अपची, अर्बुद व गलगंड या चार विकारांना वाहिलेला आहे. मानेवर दिसणाऱ्या गांठीला या चारांपैकीं कोणतेंहि नांव लागूं शकेल, हें ग्रंथकार जाणून असावा; म्हणूनच चौघांना एका अध्यायांत बसवून त्यांचीं लक्षणें एकमेकांपासून वेगळीं करण्याचा त्यानें प्रयत्न केला. त्याच्याजवळ साधनें दोनच होतीं, डोळे आणि बोटें. पुढें सूक्ष्मदर्शक आला, रंग आले, क्ष-किरण आले. तरी त्या अध्यायानें उभा केलेला प्रश्न लगोलग सुटला, असें कोणीं समजूं नये. एखाद्या स्त्रीचा गलगंड वीस वर्षें गळ्याशीं स्वस्थ बसलेला असतो, आणि अचानक तो वाढूं लागतो. तो नुसता गलगंडच आहे, कीं त्याच्या पोटांत अर्बुद निपजलें आहे? आणि अर्बुद असेल तर कोणत्या जातीचें? या शेवटल्या प्रश्नाचें खात्रीचें उत्तर देण्याची सोय विसाव्या शतकाच्या शेवटल्या चरणांत झाली. ती कशी झाली, हा वृत्तांत आम्हांस सांगण्यासारखा वाटतो.

गळ्याच्या पुढल्या बाजूस, कंठमण्याच्या खालीं, श्वासनलिकेला बिलगून जी फुलपाखराच्या आकाराची ग्रंथि असते तिला मराठी शास्त्रीय ग्रंथांत अवटुग्रंथि म्हणतात. दवाखान्यांत मात्र सर्वत्र थायरॉइड हेंच नांव चालतें. शरीराची आंच मंद असावी कीं प्रखर, हें ठरविणारा रस ती रक्तांत सोडते. आतां लसीकापेशी म्हणून रक्तांतील पांढऱ्या पेशींचा जो एक वर्ग परक्यांपासून शरीराचें रक्षण करतो, त्याची वस्ती मान, काख, जांघ येथील लसीकाग्रंथींत व प्लीहेंत असते. निरोगी थायरॉइडमध्यें त्याला घर नाहीं. याच वर्गांतील एखादी पेशी बेबंद होऊन तिची प्रजा अनावर वाढूं लागली, म्हणजे त्या अर्बुदाला लिम्फोमा म्हणतात. जेथें लसीकापेशींना घरच नाहीं अशा थायरॉइडमध्यें लिम्फोमा मुळांत निपजावा, ही गोष्ट अर्थातच विरळा घडते. या ग्रंथीच्या शंभर कर्करोगांत तो एकापासून पांचांपर्यंत आढळतो. लोकसंख्येच्या हिशेबानें दहा लाखांत वर्षाला सुमारें दोघांना. रोगी बहुधा साठीच्या आसपासचे किंवा त्याहून वयस्क, आणि त्यांत पुरुषांच्या तिप्पट-चौपट स्त्रिया.

दहा लाखांत दोघांच्या रोगासाठीं मासिकाचीं पानें कां खर्चावीं, असें कोणी विचारील. कारण असें कीं, या रोगाला एक तोतया आहे. त्याच ग्रंथींत, त्याच वयांत, ॲनाप्लास्टिक नांवाचा दुसरा एक कर्करोग होतो. त्याच्या पेशींवर मूळ ग्रंथीची कोणतीहि खूण उरलेली नसते. दोन्ही रोगांत गांठ आठवड्या-आठवड्यानें वाढते, आवाज घोगरा होतो, घास अडकतो, आडवें होतांच श्वास कोंडतो. बाहेरून पाहणाऱ्यानें फरक करावा तरी कसा? आणि फरक तर जीवनमरणाचा. ॲनाप्लास्टिक कर्करोगाचे निम्म्याहून अधिक रोगी निदानानंतर सहा महिन्यांच्या आंत दगावतात, आणि शस्त्र, किरण, औषध यांपैकीं कशाचाहि त्यावर फारसा इलाज चालत नाहीं. लिम्फोमा उलट औषधांनीं व किरणांनीं विरघळतो. जो ग्रंथीपुरताच असतो त्याचे बहुसंख्य रोगी पांच वर्षें ओलांडून पुढें जातात. तेव्हां एकाचें नांव दुसऱ्याला लागलें कीं बऱ्या होण्याजोग्या माणसाला कोणीं बरें करण्याचा यत्नच करीत नाहीं. आम्ही वैद्य नव्हों. जुन्या कागदांवरून गेलेल्या काळाचा तपास करणें हा आमचा व्यवसाय. या रोगाच्या इतिहासांत कागदांच्या जागीं कांचा आहेत, एवढेंच.

लसीकाग्रंथींच्या अर्बुदांचा पहिला विचारपूर्वक लिहिलेला वृत्तांत लंडनच्या गायज रुग्णालयांतील टॉमस हॉजकिन यानें इ. स. १८३२ मध्यें सादर केला. त्यांत सात रोग्यांची हकीकत होती. हॉजकिन पंथानें क्वेकर, गुलामगिरीचा वैरी, वसाहतींतील मूळ रहिवाशांचा कैवारी; असल्या माणसाला संस्थांमध्यें बढती मिळणें कठीण, आणि ती त्याला मिळालीहि नाहीं. इ. स. १८६६ मध्यें पॅलेस्टाइनच्या प्रवासांत जाफा येथें तो वारला. निबंधाकडे कोणाचें लक्ष गेलें नव्हतें; सॅम्युएल विल्क्सनें १८६५ मध्यें त्या रोगाला हॉजकिनचें नांव दिलें, तेव्हां तो प्रसिद्धीस आला. परंतु हॉजकिननें आपले निष्कर्ष नुसत्या डोळ्यांनीं काढले होते, सूक्ष्मदर्शकाच्या साह्यानें नव्हे. गायज रुग्णालयाच्या संग्रहालयांत त्याच्या कांहीं रोग्यांचे अवशेष जपून ठेवलेले होते. जवळजवळ शंभर वर्षांनीं, १९२६ मध्यें, फॉक्सनें त्यांच्या चकत्या काढून तपासल्या, तेव्हां ते सारे एकाच रोगाचे नाहींत असें दिसून आलें. ज्याचें नांव रोगाला दिलें त्याच्याच रोग्यांत दुसऱ्या रोगाचे रोगी निघावेत, हा विनोद इतिहासालाच साधतो. आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट एवढीच कीं, जुना अवशेष टाकून दिला नाहीं तर तो पुन्हा साक्ष देऊं शकतो. पुढें थायरॉइडच्या बाबतींत नेमकें हेंच घडलें.

आतां कथा जपानांत जाते. हाकारू हाशिमोटो हा १८८१ मध्यें मिए प्रांतांतील इगा भागांत एका वैद्यघराण्यांत जन्मला. फुकुओका येथें त्याचें वैद्यकाचें शिक्षण झालें, आणि तेथेंच प्रोफेसर मियाके यांच्या हाताखालीं तो शस्त्रवैद्यक शिकत असतां चार स्त्रियांच्या काढलेल्या थायरॉइड ग्रंथि त्यानें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्या. ग्रंथि मोठ्या व टणक होत्या. परंतु आंत पाहावें तों ग्रंथीच्या मूळ पेशी मागें हटलेल्या, आणि जिकडेतिकडे लसीकापेशींचा बाजार भरलेला; लसीकाग्रंथींत जशीं केंद्रें असतात तशीं केंद्रेंहि त्यांनीं थाटलेलीं! हा क्षय नव्हे, उपदंश नव्हे, कर्करोगहि नव्हे, असें एकेक करून दाखवीत त्यानें १९१२ मध्यें जर्मन भाषेंत तीस पानांचा निबंध प्रसिद्ध केला, आणि या स्थितीला स्ट्रुमा लिम्फोमाटोसा असें लॅटिन नांव दिलें. स्ट्रुमा म्हणजे गलगंड. लिम्फोमाटोसा म्हणजे लसीकापेशींनीं भरलेला. त्या काळीं लिम्फोमा या शब्दाला कर्करोगाचा अर्थ चिकटलेला नव्हता. त्यानें शब्द निरुपद्रवी म्हणून वापरला, आणि पुढें तोच शब्द त्याच ग्रंथीच्या बाबतींत उपद्रवी अर्थानें खरा ठरला.

निबंध छापून झाल्यावर हाशिमोटो युरोपांत अभ्यासाला गेला, महायुद्धामुळें त्याला परतावें लागलें, आणि वडिलांच्या मृत्यूनंतर त्यानें विद्यापीठाचा नाद सोडून आपल्या गांवीं दवाखाना चालविला. १९३४ मध्यें विषमज्वरानें त्याचें निधन झालें. तोंवर पश्चिमेकडील पुष्कळ पंडित त्याच्या शोधाला स्वतंत्र मानावयासहि तयार नव्हते. रीडेल या जर्मन शस्त्रवैद्यानें १८९६ मध्यें लोखंडासारख्या कठीण गलगंडाचें वर्णन केलें होतें, त्याचीच ही आरंभींची पायरी, असें त्यांचें म्हणणें. अमेरिकेंत क्लीव्हलंड येथील ॲलन ग्रॅहॅम यानें १९३१ मध्यें हे दोन रोग भिन्न आहेत असें निक्षून सांगितलें, तेव्हांपासून हाशिमोटोचें नांव चालूं झालें. खेड्यांतल्या त्या डॉक्टरला हें कितपत कळलें असेल कोण जाणे.

मात्र लसीकापेशी तेथें येतात कशासाठीं, हें कोडें उरलेंच होतें. त्याचा उलगडा १९५६ मध्यें झाला. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयांत आयव्हन रॉइट, डेबोरा डोनियाक व त्यांचे सहकारी यांच्या ध्यानांत आलें कीं, हाशिमोटोच्या रोग्यांच्या रक्तांत एक विशिष्ट प्रथिन वाढलेलें असतें, व ग्रंथि काढून टाकल्यावर तें उतरतें. त्यांनीं रोग्याचा रक्तरस व थायरॉइडचा अर्क एकत्र आणून पाहिला. दोहोंचा संयोग होऊन सांका बसला. म्हणजे रोग्याचें शरीर आपल्याच ग्रंथीविरुद्ध शस्त्रें घडवीत होतें. त्याच वर्षीं अमेरिकेंत बफलो येथें रोझ व विटेब्स्की यांनीं सशांना सशाच्याच थायरॉइडचा अर्क टोंचून त्यांच्या ग्रंथींत असाच दाह उत्पन्न करून दाखविला. शरीर स्वतःवर उलटणार नाहीं, हा पॉल एर्लिखच्या वेळेपासून चालत आलेला भरंवसा त्या वर्षीं ढळला.

जेथें सैन्याची नेहमींची छावणी नाहीं अशा प्रांतांत तें वर्षानुवर्षें तळ देऊन बसलें, तर त्यांतूनच कधीं बंडखोर निपजतो. हाशिमोटोच्या रोगाची व लिम्फोमाची सोयरीक अशीच आहे. स्वीडनमध्यें या दाहाच्या ८२९ रोग्यांचा पाठपुरावा करून १९८५ मध्यें जो वृत्तांत प्रसिद्ध झाला, त्यावरून इतरांपेक्षां त्यांना थायरॉइडचा लिम्फोमा होण्याचा संभव ६७ पट दिसला. हा आंकडा ऐकून कोणीं घाबरूं नये. मुळांत अतिशय थोड्याला ६७ नीं गुणलें तरी थोडेंच उरतें, आणि हाशिमोटोचा दाह असलेल्या शंभरांपैकीं एकालाहि हा रोग होत नाहीं. परंतु उलट बाजूनें पाहिलें तर लिम्फोमा झालेल्यांपैकीं बहुतेकांच्या ग्रंथींत तो जुना दाह सांपडतो. निदान करणाऱ्याची खरी अडचण येथें आहे. एकीकडे ॲनाप्लास्टिक कर्करोग, दुसरीकडे साधा दाह, आणि मध्यें लिम्फोमा. पहिल्याशीं त्याचा चेहरा मिळतो, दुसऱ्याशीं रक्ताचें नातें.

विसाव्या शतकाच्या मध्याला विकृतिशास्त्राच्या ग्रंथांत थायरॉइडचा लहान पेशींचा कर्करोग म्हणून एक प्रकार नांदत होता. लहान, गोल, एकमेकींसारख्या पेशींचे थवेच्या थवे. मूळ ग्रंथीची रचना पुसून गेलेली. त्याला ॲनाप्लास्टिक कर्करोगाचीच एक शाखा समजत. मौज अशी कीं, या शाखेंतील कांहीं रोगी मरावयाचें नांव घेत नसत. किरणांचा मारा केला कीं गांठ वितळे, आणि वर्षें लोटलीं तरी रोगी हिंडते-फिरते असत. शास्त्रज्ञांना हा अपवाद वाटे. किरणांनीं चांगलें काम केलें, असें म्हणून ते समाधान मानीत. मेयो क्लिनिकमध्यें वुलनर व त्याचे सहकारी यांनीं १९६६ मध्यें थायरॉइडच्या मूळ लिम्फोमाचे ४६ रोगी एकत्र मांडले. एका मोठ्या संस्थेंतून इतके रोगी निघाले, तेव्हां हा रोग मानला जातो तितका अपूर्व नसावा, असा संशय बळावला. मग निरनिराळ्या ठिकाणच्या विकृतिशास्त्रज्ञांनीं आपापल्या कपाटांतील जुन्या कांचा बाहेर काढल्या. मेणांत बसविलेले मांसाचे तुकडे वर्षानुवर्षें टिकतात. त्यांच्या नव्या चकत्या काढून नव्या नजरेनें पाहतां, लहान पेशींचा कर्करोग म्हणून नोंदलेल्यांपैकीं बहुतेक रोगी लिम्फोमाचे होते असें आढळलें. ग्रंथांतला एक रोग जवळजवळ नाहींसा झाला, व दुसऱ्याची संख्या वाढली. दप्तरांतील एखादी जुनी सनद पुन्हा वाचतांना शिक्का दुसऱ्याचाच निघावा, त्यांतला हा प्रकार. भेद इतकाच कीं, सनदेच्या चुकीनें फार तर एखाद्या इनामाचा वारस बदलतो. ज्या रोग्यांना असाध्य ठरवून घरीं पाठविलें, त्यांच्या कांचा तेवढ्या कपाटांत राहिल्या होत्या.

नुसती नवी नजर पुरली असती असें मात्र नाहीं. तज्ज्ञांचे डोळे एकमेकांशीं भांडत. एक म्हणे कर्करोग, दुसरा म्हणे लिम्फोमा. पंच लागतो तो रसायनशास्त्राचा. १९७५ मध्यें केंब्रिज येथें कोलर व मिलस्टाइन यांनीं हव्या त्या एकाच लक्ष्याला चिकटणारीं प्रतिद्रव्यें प्रयोगशाळेंत घडविण्याची युक्ति काढली. १९८४ मध्यें त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. अशा प्रतिद्रव्याला रंगाची शेपटी जोडून तें चकतीवर सोडलें, म्हणजे ज्या पेशीवर त्याचें लक्ष्य असेल तीच रंगते. पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावरील एक खूण रंगविणारें प्रतिद्रव्य १९८० नंतर हातीं आलें. ग्रंथींच्या व त्वचेच्या पेशींत असणारें केराटिन रंगविणारें दुसरें होतेंच. पहिलें रंगलें व दुसरें कोरें राहिलें तर लिम्फोमा. उलट झालें तर कर्करोग. दोन तज्ज्ञांचा वाद एका दुपारींत मिटूं लागला.

लिम्फोमा व दाह यांतील भेद याहून नाजूक, कारण दोहोंतहि पेशी लसीकेच्याच. येथें एक सुंदर युक्ति उपयोगी पडली. प्रतिद्रव्य घडविणारी प्रत्येक लसीकापेशी आपल्या प्रतिद्रव्याला कॅपा अथवा लॅम्डा या दोन सांखळ्यांपैकीं एकच जोडते, दोन्ही नव्हे. दाहासाठीं जमलेला जमाव ठिकठिकाणच्या पेशींचा असतो, म्हणून त्यांत दोन्ही सांखळ्या सांपडतात. अर्बुद एकाच पेशीच्या पोटीं जन्मलेलें, त्यांत एकच. जत्रेंत हजार आडनांवांचीं माणसें भेटतात, एका वाड्यांत एकाच आडनांवाचीं, हा त्यांतला न्याय.

१९८३ मध्यें इंग्लंडांत आयझॅक्सन व राइट यांनीं आंतडें, जठर वगैरे अवयवांच्या अस्तराशीं असलेल्या लसीकापेशींपासून होणाऱ्या मंदगतीच्या लिम्फोमाची एक स्वतंत्र जात वर्णिली. दीर्घ दाहानें मागाहून वसविलेल्या वस्तींतूनहि हीच जात निघते, असें पुढें दिसून आलें; थायरॉइड हें त्याचें ठळक उदाहरण. आज थायरॉइडच्या लिम्फोमांत निम्म्याहून अधिक शीघ्रगतीच्या मोठ्या पेशींचे असतात, आणि त्यांच्या खालोखाल ही मंद जात. कित्येकदां एकाच ग्रंथींत दोन्ही शेजारीं-शेजारीं दिसतात. मंद जातींतूनच शीघ्र जात निघते असें त्यावरून मानतात. मंद जात ग्रंथीपुरतीच असेल तर केवळ किरणांनीं किंवा शस्त्रानेंहि रोगी बरे होतात.

राहिला प्रश्न तुकडा मिळविण्याचा. पूर्वी निदानासाठीं म्हणून ग्रंथीचा मोठा भाग किंवा सबंध ग्रंथि कापून काढीत. आवाजाची नाडी तेथूनच जाते, आणि लिम्फोमा भोंवतालच्या मांसाला असा चिकटलेला असतो कीं सुरीला वाट सांपडत नाहीं. न्यूयॉर्कमध्यें मार्टिन व एलिस यांनीं १९३० मध्यें सुईनें गांठींतील पेशी ओढून तपासण्याची रीत प्रसिद्ध केली. स्वीडनमधील डॉक्टरांनीं ती पुढें फार बारीक सुईवर आणून थायरॉइडसाठीं रूढ केली. रोग्याला शस्त्रक्रियेचा त्रास नाहीं, खर्च थोडा, उत्तर लवकर. इतर कर्करोगांत तिचा उपयोग मोठाच आहे. परंतु बारीक सुईनें येतात त्या सुट्या पेशी. त्यांची मांडणी येत नाहीं. छापखान्यांत जुळविलेल्या पानांतून मूठभर खिळे उचलून आणावे आणि त्यांवरून लेखाचा विषय ओळखावा, तसा हा उद्योग. अक्षरें लसीकेचीं आहेत एवढें कळतें. लेख दाहाचा कीं अर्बुदाचा, हें पुष्कळदां कळत नाहीं. सुट्या पेशी रंगवून त्यांच्या सांखळ्या यंत्रानें मोजण्याची सोय आतां आहे व तिनें बरीच मदत होते. तरी संशय राहिल्यास जाड सुईनें सबंध दोऱ्यासारखा तुकडा काढतात, अथवा छोटा छेद घेऊन चिमूटभर मांस घेतात. जेवढें नांव ठरवावयास लागतें तेवढेंच. सबंध ग्रंथि काढण्याचा हट्ट लिम्फोमाच्या बाबतींत आतां सहसा कोणी धरीत नाहीं.

या ठिकाणीं एक इशारा व्यवहाराचा म्हणून नोंदवितों. श्वास कोंडलेल्या रोग्याला सूज उतरावी म्हणून स्टेरॉइड देण्याचा मोह होतो. लिम्फोमाची गांठ त्यानें खरोखरच झपाट्यानें ओसरते. रोगी व नातेवाईक आनंदतात. परंतु तुकडा त्यापूर्वीं घेतलेला नसेल, तर मागून काढलेल्या तुकड्यांत मेलेल्या पेशींखेरीज कांहीं हातीं लागत नाहीं, आणि कोणत्या शत्रूला कोणतें औषध द्यावें हें ठरत नाहीं. रोग्याचा जीव धोक्यांत नसेल तेथें जाणते डॉक्टर आधीं तुकडा व मग स्टेरॉइड, हा क्रम पाळतात.

हाशिमोटोच्याच देशांत, कोबे येथील कूमा रुग्णालयांतून, १९९३ मध्यें अशा ११९ रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. जगांतल्या अनेक देशांत सबंध आयुष्यभर एकहि रोगी न पाहिलेले तज्ज्ञ असतील, त्यांच्या दृष्टीनें ही संख्या केवढी! १९९७ मध्यें अमेरिकेंत मान्य झालेलें रिटक्सिमॅब हें लसीकापेशींवरील एक खूण हेरून त्यांना मारणारें प्रतिद्रव्य. कोलर व मिलस्टाइन यांच्या युक्तीचेंच तें अपत्य. जी वस्तु प्रथम कांचेवरची पेशी ओळखण्यासाठीं निघाली, तिच्याच जातीची वस्तु आतां जुन्या औषधांच्या जोडीनें शीघ्रगतीच्या लिम्फोमावर सोडतात.

तरीहि सीमा सगळीकडे स्वच्छ आंखल्या गेल्या आहेत असें नाहीं. हाशिमोटोच्या साध्या दाहांतहि कधीं कधीं एकाच कुळांतील पेशींचा छोटासा पुंजका सांपडतो, आणि तो पुढें वाढतोच असें नाहीं. अशा वेळीं घाईनें कर्करोगाचें नांव न देतां रोग्याच्या ग्रंथीवर नजर ठेवतात, आणि ती वाढूं लागल्यास पुन्हा तुकडा घेतात. जुनी कांच त्यासाठीं शेजारीं ठेवून दोन्ही एकत्र पाहतात.